यीस्टमधून सदाफुलीचं औषध? खरंच होतं का हे?

चौकस:
मंडळी एक शंका. कॅन्सरवरचं विनब्लास्टिन सदाफुलीच्या पानांतून काढतात हे माहीत होतं, आता म्हणे तेच यीस्टकडून करून घेतात, ब्रेड फुगवतं तेच यीस्ट. झाडाचा जीन उचलून आत टाकला की झालं, एवढं सोपं आहे का? आणि असेल तर मग अजून सदाफुली लावतात कशाला?

बुरशीप्रेमी:
एक जीन असता तर काय हवं होतं! २०२२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जे कीसलिंग यांच्या टीमचा पेपर आला, त्यात यीस्टच्या जीनोममध्ये ५६ बदल केलेत आणि ३४ जीन झाडांचे घातलेत. एवढं करूनही यीस्ट पूर्ण विनब्लास्टिन बनवत नाही, कॅथरँथिन आणि विंडोलिन असे दोन तुकडे बनवतं, ते शुद्ध करून मग केमिस्ट्रीने जोडायचे. तेही लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये. झाडाने हे काम वेगवेगळ्या पेशींत वाटून दिलेलं असतं, इथे एकट्या पेशीच्या गळ्यात सगळं, त्यात पी४५० एन्झाइम्स (झाडातली, रेणूला ऑक्सिजन जोडणारी) तिथे धड चालत नाहीत आणि मधलाच एखादा पदार्थ यीस्टची स्वतःची एन्झाइम्स पळवतात ते वेगळंच.

टवाळ:
म्हणजे घरच्या घरी बिअरसारखं मॉर्फिन वगैरे काही नाही तर 😄

बुरशीप्रेमी:
@टवाळ ती ओरड २०१५ मध्येच झाली होती. स्टॅनफर्डच्या क्रिस्टिना स्मोल्के यांच्या लॅबने यीस्टकडून साखरेपासून हायड्रोकोडोन (मॉर्फिनच्या जातीचंच वेदनाशामक) काढून दाखवलं, २३ एन्झाइम्स लावून, त्यात उंदराचीसुद्धा. पण एका डोसला हजारो लिटर लागले असते. बस उकळत.

हिशेबी:
उत्पादन वाढलं तरी प्रश्न सुटतो असं नाही बरं का. मलेरियाच्या आर्टेमिसिनिनचं बघा. ते ज्यापासून बनतं ते यीस्टमधलं आर्टेमिसिनिक अॅसिड २००६ मध्ये लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आसपास होतं, २०१३ पर्यंत २५ ग्रॅम! सनोफी या औषध कंपनीने कारखानाही चालू केला, आणि नेमका तेव्हाच शेतातल्या मालाचा भाव पडला, यीस्टवालं महाग ठरलं, उत्पादन गुंडाळलं.

चौकस:
पण ते टनांनी लागणारं स्वस्त औषध, विनब्लास्टिन कितीसं लागतं? एका ग्रॅमला शेकडो किलो सुकी पानं लागतात असं वाचलंय, मग इथे हिशेब उलटा नाही का बसणार?

हिशेबी:
हो, म्हणूनच त्यावर एवढी मेहनत घेतायत. २०१९ नंतर विनब्लास्टिनचा तुटवडाही पडला होता. फक्त आधी मायक्रोग्रॅममधून बाहेर या म्हणावं.