सागरेश्वरला भेट, २८ माणसं: भरीत-भाकरीचं प्रमाण सांगा

दयाळ
आपला पक्षीनिरीक्षणाचा ग्रुप डिसेंबरात पहिल्यांदाच समोरासमोर भेटतोय. सकाळी सागरेश्वर अभयारण्य, मग देवराष्ट्र्याजवळ एका सभासदाच्या शेतात जेवण. बेत: कृष्णाकाठच्या वांग्याचं दह्यातलं भरीत, ज्वारीची भाकरी, खरडा. वांगी किती घ्यायची? घरून भाजून न्यायची की तिथं? चौघं जैन आहेत, त्यांना बिनकांद्याचं भरीत चालेल ना?

तांबट
आदल्या रात्री घरीच भाजा. चुलीवरची चव वेगळी असते हे खरं, पण एवढी वांगी भाजून-सोलून होईस्तोवर पहाटे उठलेली माणसं भुकेनं कासावीस होतात.

जैन चौघं सोडून २४ जणांना ५ किलो वांगी. सोलल्यावर निम्म्याहून थोडं जास्त उरतं. हातात हलकं लागणारं घ्या, जड वांग्यात बिया फार. देठाकडून चीर देऊन कीड बघा. चीर नसली तर वांगं गॅसवर फुटतं. तेलाचा हात फिरवून भाजा. देठाशी दाबल्यावर बोट आत गेलं की झालं. नळाखाली सोलू नका, धुराचा वास तिथंच वाहून जातो. गर चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या, नाहीतर दही पातळ होतं. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरून फ्रीजमध्ये. गरम झाकलं तर सकाळपर्यंत आंबूस वास येतो.

दही दीड किलो, कांदा एक किलो. हे दोन्ही आणि मीठ शेतात पोचल्यावरच घाला. मीठ आधी पडलं की कांद्याला पाणी सुटतं. दाणे-मिरचीची फोडणी मात्र घरून बाटलीत न्या.

भाकरी माणशी दोन. किलोभर पिठाच्या दहा होतात, म्हणजे साडेपाच-सहा किलो. सात घरांत आठ-आठ वाटून द्या. पीठ ताजं दळलेलं हवं, जुन्या पिठाची भाकरी थापतानाच चिरते. भाकरी गार करून सुती फडक्यात बांधा. प्लॅस्टिकमध्ये घाम धरून चिकट होते.

खंड्या
दयाळदादा, कांदा काढून भागत नाही. बिया फार म्हणून वांगंच वर्ज्य मानणारी बरीच जैन घरं आहेत. चौघांनाही फोन करून विचारा, प्रत्येक घराचे नियम वेगळे. बहुतेकांना जमेल अशी दुधीची कोरडी भाजी करा: एक किलो दुधी, जिरं-मिरचीची फोडणी, दाण्याचं कूट. लसूण-आलं नको. खरडाही बिनलसणाचा वेगळ्या डब्यात. त्यांचा चमचा भरिताच्या पातेल्यात गेला की सगळं फुकट, म्हणून ही भांडी दुसऱ्या टोकाला मांडा आणि आधी त्यांना वाढा.

रातवा
अभयारण्यात डबा उघडायचा नाही, चूल तर नाहीच. चितळ-सांबर खरकट्याच्या वासावर येतात आणि पिशवीसकट खातात. डबे गाडीतच ठेवा, गाडी सावलीत. पाण्याचे २० लिटरचे तीन जार पुरतील, हात धुवायचं पाणी विहिरीचं.

दयाळ
वांग्याचं माहीतच नव्हतं, आजच चौघांना फोन करतो. फोडणी गार घातली तर तेल वर थिजून राहील का?

तांबट
शेंगतेल डिसेंबरच्या दुपारी थिजत नाही. बाटली हलवून ओता, दाणे तळाशी बसलेले असतात.