सपोर्टच्या पहिल्या जॉबसाठी ए प्लस, सीसीएनए करू का? ६५ हजारांचा प्रश्न आहे

लातूरचा_पाहुणा
नमस्कार मंडळी. बीएस्सी सीएस, २०२४ पासआउट, पुण्यात कॉट बेसिसवर राहतोय, आठ महिने झाले. डेस्कटॉप सपोर्ट, सर्व्हिस डेस्क एल१ (सपोर्टची पहिली पायरी), दिसेल तिथे अप्लाय करतो, दोन वॉकइन सोडले तर कॉलच नाही. माझं मत झालंय की फ्रेशरकडे सर्टिफिकेट नसेल तर रेझ्युमे कुणी उघडतच नाही. एक क्लास ए प्लस (कॉम्पटियाचं पीसी सपोर्टचं सर्टिफिकेट), सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्किंगचं), एमसीएसई (मायक्रोसॉफ्टचं) आणि क्लाउड असं सगळं ६५ हजारात देतोय, प्लेसमेंटची हमी धरून. वडील म्हणतायत सोयाबीनचे पैसे आलेत, भरून टाक. ज्यांना पटत नसेल त्यांनी कारण सांगा, नुसतं 'स्किल महत्त्वाची' नको.

नाईटशिफ्टवाला
सोयाबीनला हात लावू नको बाबा. एमसीएसई नावाची गोष्ट आता नाहीच, मायक्रोसॉफ्टने एमसीएसए आणि एमसीएसई ३१ जानेवारी २०२१ ला बंद केल्या. जो क्लास मेलेल्या म्हशीचं दूध विकतोय त्याची हमी किती धरायची ते तू ठरव.

दुसरं, मी हिंजवडीत फ्रेशरचे इंटरव्ह्यू घेतो, ए प्लसवाला आजवर क्वचितच समोर आलाय आणि आला म्हणून मी काही उठून उभा राहिलो नाही. मी एकच विचारतो, युजरचा फोन आला, नेट नाही, मशीनचा ॲड्रेस दाखवणारी आयपीकॉन्फिग कमांड मारल्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा ॲड्रेस दिसतोय, काय समजशील? निम्मी पोरं लगेच 'डोरा' म्हणून दाखवतात, म्हणजे ॲड्रेस मिळायच्या चार पायऱ्या, डिस्कव्हर ऑफर रिक्वेस्ट ॲकनॉलेज, बाराखडीसारखं. पण डीएचसीपीकडून, म्हणजे नेटवर्कवर ॲड्रेस वाटणाऱ्याकडून, काही मिळालं नाही म्हणून मशीनने स्वतःच ॲड्रेस घेतला, हे त्यातून त्यांना काढता येत नाही. आधी केबल बघेन असं म्हणणारा तर महिन्यातून एक.

कॉमर्सवाली
दादा, तुम्ही खुर्चीत बसून बोलताय, तो पोरगा अजून दाराबाहेर उभा आहे. तुमचा १६९.२५४ चा प्रश्न विचारला जायला आधी आत तर यायला हवं ना.

मी बीकॉम. दीड वर्ष एकही कॉल नव्हता. सीसीएनए केली, पहिल्यांदा नापास झाले, म्हणजे ३०० डॉलर दोनदा गेले वर टॅक्स, घरी आठवडाभर कुणी नीट बोललं नाही. पण रेझ्युमेवर ती ओळ आली आणि त्याच महिन्यात तीन कॉल. जॉबमध्ये सीसीएनएचा काय उपयोग झाला? शून्य, पहिलं वर्ष पासवर्ड रीसेट आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद. तरी मी म्हणेन करा, कारण एचआरला १६९.२५४ कळत नाही, सीसीएनए ही अक्षरं कळतात.

नाईटशिफ्टवाला
तुमचं बरोबर आहे, पण तुमच्या केसमध्ये. बीकॉमवर ती ओळ लागतेच, मान्य. त्याच्याकडे सीएसची डिग्री आहे, त्याचं दार दुसऱ्या कशाने अडलंय. रेझ्युमेत काय लिहिलंयस रे? 'हार्डवर्किंग, क्विक लर्नर' असेल तर मीही उघडणार नाही.

एडिसनकर
न्यू जर्सीतून लिहितोय. ए प्लसला इतकं हाणू नका, इकडे हेल्पडेस्कच्या जाहिरातीत ते नाव सरळ लिहिलेलं असतं. दोन पेपर, प्रत्येकी ९० मिनिटं, दोन्हीची फी वेगळी, आणि तीन वर्षांत रिन्यू. पण त्याला पुण्यातच नोकरी हवी असेल तर डॉलरमध्ये फी भरण्यात अर्थ नाही हेही खरं. अभ्यासक्रमाची पीडीएफ कॉम्पटियाच्या साइटवर फुकट मिळते, ती घे. फक्त नव्या पेपरांची, १२०१ आणि १२०२ ची घे, जुने ११०१-११०२ सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाले. क्लासवाले जुनीच पुस्तकं खपवत असणार.

लॅमिंग्टन_रोड
माझ्याकडे एकही सर्टिफिकेट नाही. दुकानात दीड वर्ष पीसी जोडले, मग थर्ड पार्टी पेरोलवर शाखा-शाखांत फिरलो, १२ हजार पगार, पेट्रोल आपलं. आज एल२ ला आहे. हात काळे केल्याशिवाय काही येत नाही. डंप, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न, पाठ करून पास झालेले पाहिलेत, रॅम उलटी दाबत होते.

कॉमर्सवाली
१२ हजार आणि पेट्रोल आपलं, हा सल्ला आहे की शिक्षा? तुम्ही सोसलंत म्हणून त्यानेही सोसावं असं थोडीच आहे.

लॅमिंग्टन_रोड
सोसायला नाही सांगत ताई. ६५ हजार देऊन शिकण्यापेक्षा १२ घेऊन शिकलो, एवढंच म्हणतोय.

लातूरचा_पाहुणा
रेझ्युमेत खरंच 'क्विक लर्नर' आहे 😅 एमसीएसईचं क्लासमध्ये विचारलं तर मॅडम म्हणाल्या 'नाव जुनं आहे, कंटेंट नवा आहे'. पैसे भरले नाहीत. पण मला अजूनही ताईंचं पटतं, कॉल येणार कसे?

नाईटशिफ्टवाला
व्हर्च्युअलबॉक्स टाक, एकाच लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या आभासी मशीन चालवता येतात, विंडोज सर्व्हर इव्हॅल्युएशन १८० दिवस फुकट आहे, आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर रडतखडत चालतं. एक सर्व्हर, एक क्लायंट. डोमेन (सगळे युजर एका जागेवरून सांभाळायची व्यवस्था) बनव, दहा युजर कर, एकाचं अकाउंट मुद्दाम लॉक करून सोडव. मग रेझ्युमेत 'क्विक लर्नर'च्या जागी हे लिही. सीसीएनए नंतरही करता येते, पॅकेट ट्रेसर, नेटवर्कचा सराव करायचं सिस्कोचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, आधी त्यावर हात बसव. आणि फोनवर इंग्रजीत दोन मिनिटं न अडखळता बोलायची सवय कर, व्हॉइसवाल्या डेस्कला पोरं तिथेच गळतात.

कॉमर्सवाली
हे करूनही तीन महिन्यांत कॉल नाही आला तर सीसीएनए भर, माझं ऐक. पण क्लासकडून नको, स्वतः.

लातूरचा_पाहुणा
दोन्ही मशीन टाकल्या. एकमेकांना पिंग होत नाहीयेत, दिसतच नाहीत. दोन्हीला १०.०.२.१५ हाच ॲड्रेस कसा?

नाईटशिफ्टवाला
नॅटवर ठेवल्यास ना? तिथे प्रत्येक मशीन आपापल्या खोलीत एकटी असते. दोन्ही इंटर्नल नेटवर्कवर घे.

लातूरचा_पाहुणा
घेतल्या. आता दोन्हीला १६९.२५४ आलाय.

नाईटशिफ्टवाला
छान. का आला ते आता तूच सांग.

लातूरचा_पाहुणा
ॲड्रेस द्यायला कुणीच नाहीये तिथे. म्हणजे सर्व्हरला स्टॅटिक, म्हणजे हाताने ठरवलेला ॲड्रेस देऊन डीएचसीपी मीच टाकायचा?

नाईटशिफ्टवाला
टाक. रेझ्युमे मला मेसेज कर.