पोन्तियानाक म्हणजे हडळ? विषय संपला म्हणे!

क्लांगची_सून: काल इथे एकाने लिहिलं, "मलायी भुतं ही आपलीच, गलबतात बसून गेलेली. पोन्तियानाक म्हणजे हडळ. विषय संपला." अकरा वर्षं क्वालालंपूरजवळ राहतेय, म्हणून राहवेना. हडळीच्या मानेत खिळा ठोकून तिच्याशी संसार केल्याचं कुणी ऐकलंय? पोन्तियानाकशी करतात. खिळा उपटला की बाई पुन्हा भूत! आणि पेनांगालानचं काय? रात्री मुंडकं धडातून सुटतं, खाली आतडी लोंबकळत, आणि बाळंतिणीचं घर हुडकत उडतं. आतडी अडकावीत म्हणून दारा-खिडक्यांना जेरुजूची काटेरी पानं टांगतात. परत आल्यावर फुगलेली आतडी व्हिनेगरात बुडवून आकसवायची, मगच ती धडात मावतात. असलं काही तुमच्या वेतोबाच्या राज्यात दाखवा.

आरवलीकर: ताई, वेतोबाला यात ओढू नका. तो देव आहे. आम्ही त्याला केळ्यांचा घड आणि चपला वाहतो, खिळे नाही.

धागाकर्ता: काल लिहिणारा मीच. मलायीतली बिदादरी म्हणजे विद्याधरी, गेरोडा म्हणजे गरुड, राक्सासा तर सांगायलाच नको. शब्द गेले आणि भुतं बंदरातच राहिली? हडळ बाळंतपणात मेलेली, पोन्तियानाकही. योगायोग?

शंकेखोर: योगायोग नाही, बाळंतपण! बायका सगळीकडे मरत होत्या, त्याला गलबत कशाला लागतं? जिवंतपणी धड सुईण मिळाली नाही, मेल्यावर मात्र बंदोबस्त चोख. स्कीटचं मलायी जादूटोण्यावरचं 1900 सालचं पुस्तक बघा. त्यात बाळंतपणात मेलेली आई ती लांगसुइर आणि मेलेलं जन्मलेलं मूल ते पोन्तियानाक. आईच्या प्रेताच्या तोंडात काचेचे मणी, काखेत अंडी, तळहातात सुया, म्हणजे तिने किंचाळू नये, उडू नये. तुम्ही हडळ जुळवताय ती बाळाशी!

धागाकर्ता: पुस्तकी घोळ. आज रस्त्यावर विचारा, पोन्तियानाक बाईच आहे.

आरवलीकर: ते राहू द्या. ती आली की चाफ्याचा वास येतो म्हणतात, हे काय? आमच्या अंगणात आजीने लावलेला चाफा आहे, रोज देवाला वाहतो.

क्लांगची_सून: अहो, त्याच चाफ्याने माझं शेजार बिघडवलं! हौसेने कुंडीत लावला, तर शेजारची मक्चिक (आपली मावशीच म्हणा) म्हणाली, "हे कबरस्तानातलं झाड, काढ." मी म्हटलं आमच्याकडे देवळात असतो. म्हणाली, मग देवळात लाव.

आरवलीकर: मावशीला सांगा, चाफा पवित्र आहे. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या...

शंकेखोर: कुठल्या पिढ्या? देवचाफा मूळचा मेक्सिकोकडचा. कोलंबसाच्या आधी तो ना आरवलीत होता, ना मलाक्क्यात. म्हणजे तुमची परंपराही नंतरची आणि पोन्तियानाकचा तो वासही.

आरवलीकर: आजीच्या झाडाला मेक्सिकन म्हणायला लाज वाटली पाहिजे.

धागाकर्ता: सोनचाफा तरी आपला ना? मलायीत त्याला चम्पाका म्हणतात. बघा, आला की नाही शब्द!

शंकेखोर: फूल गेलं, मान्य. भूत सिद्ध करा.

धागाकर्ता: घ्या मग. 1957 साली सिंगापुरात 'पोन्तियानाक' सिनेमा तुफान चालला. दिग्दर्शक बी. एन. राव, केरळचे. भारतीय माणूस लागलाच!

क्लांगची_सून: बरं बाबा, पडद्यावरचं भूत तुमच्या नावावर. मुंडकं-आतडीवालं आमच्याकडेच राहू द्या. आणि आरवलीकर, रागावू नका, चाफा टाकला नाही. मागच्या गॅलरीत सरकवलाय. पहाटे वास आला की आधी खिडकी लावते आणि मग नवऱ्याला उठवते. हसा खुशाल.