मदत हवी आहे : दवाखान्यातली माणसं वेळेवर तोंड उघडत नाहीत

सुईदोरा
पुण्यात माझा कुत्र्यामांजरांचा दवाखाना आहे. काल एका लॅब्राडोरची नसबंदी होती. गुंगीसाठी झायलाझिन दिलं आणि पाच मिनिटांत टेबलावर दूधपोळी उलटून आली. श्वासनलिकेत गेली असती तर संपलंच होतं. तोंड साफ केलं, ऑपरेशन रद्द केलं, कुत्री ठीक आहे. मालकांनी तिला आमच्याच पार्किंगमध्ये खाऊ घातलं होतं आणि आमच्या मदतनिसाने ते पाहिलं होतं! का सांगितलं नाहीस विचारलं, तर मान खाली. व्हॉट्सॲप ग्रुप आहे, भिंतीवर सूचना आहेत, दर सोमवारी मीटिंग घेते. सगळे "हो मॅडम". काय करू? लोणावळ्याची सहल सुचवू नका, करून झाली.

खडीसाखर
माणसं किती? मदतनीस किती जुना?

ठाणेकर_७
सीसीटीव्ही बसवा, आवाजासकट. आमच्या गोडाऊनला बसवला, महिन्याभरात सगळे सरळ.

खडीसाखर
@ठाणेकर, त्यांना बोलतं करायचंय, गप्प नाही.

ठाणेकर_७
अनुभव सांगितला. पटला तर घ्या.

गोठेवाला
मी सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, आता निवृत्त. गाय रवंथ करत नाहीये हे आधी शिपायाला कळायचं. तो गायीजवळ उभा असायचा, साहेब रजिस्टरजवळ. भिंतीवरच्या सूचना कोणत्या भाषेत आहेत?

सुईदोरा
सात जण आहोत. मदतनीस नांदेडकडचा, तीन वर्षं झाली. सूचना इंग्रजीत, औषधांची नावं इंग्रजीतच असतात ना.

गोठेवाला
औषधाचं नाव राहू द्या इंग्रजीत. "उपाशी आणलंय का" हे कशाला इंग्रजीत?

मिनीची_आई
विषयांतराबद्दल सॉरी. आमची मनी दोन दिवस जेवत नाहीये, अंग गरम लागतंय. घरात पॅरासिटामॉल आहे, अर्धी देऊ का?

सुईदोरा
अजिबात नको!! मांजराला ते विष आहे. आणि दोन दिवस उपाशी असेल तर आजच दाखवा, मांजर उपाशी राहिलं की यकृत बिघडतं.

भूलथापा
मी माणसांना भूल देते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनआधी तपासायची एक यादी आणली. त्यात चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. आम्हीही आधी हसलो होतो. पण एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे गडबड दिसली की बोलतो. तुमच्याकडे "पोटात काय आहे" हा प्रश्न मदतनिसानेच विचारावा, आणि त्याने "रिकामं" म्हटल्याशिवाय तुम्ही सिरिंज भरू नका. मीटिंगमध्येही तुम्ही सगळ्यात शेवटी बोला.

ठाणेकर_७
सात माणसांत नावं कसली सांगायची? काहीतरीच.

भूलथापा
आम्ही चार असलो तरी सांगतो.

खडीसाखर
रेबीजची लस कोणाकोणाला दिली आहे?

सुईदोरा
त्याचा इथे काय संबंध? दोघे डॉक्टर, दोन्ही असिस्टंट. रिसेप्शनला गरज नाही.

खडीसाखर
आणि कुत्रा धरतो कोण? पिंजरे कोण धुतं?

सुईदोरा
मदतनीस. आणि मावशी.
राहिलंय खरं.

गोठेवाला
आणखी एक विचारतो, राग मानू नका. याआधी त्याने आपणहून कधी काही सांगितलं होतं?

सुईदोरा
दिवाळीच्या आसपास. एक पिल्लू आलं होतं, जुलाब होत होते. हा मालकांसमोरच म्हणाला, "मॅडम, पार्व्होचा वास येतोय." (पार्व्हो म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य जुलाबाचा आजार.) मी म्हटलं, डॉक्टर तू आहेस की मी? मालक हसले. संध्याकाळी तपासणीच्या किटवर पार्व्होच निघाला.

खडीसाखर
मग त्याला तसं सांगितलंत?

सुईदोरा
नाही.

ठाणेकर_७
आवाजाचा कॅमेरा असता तर हेही रेकॉर्ड झालं असतं.

गोठेवाला
सोमवारच्या मीटिंगमध्ये सांगा. मालकांसमोर बोललात ना, मग निदान उरलेल्या पाच जणांसमोर तरी.

सुईदोरा
सोमवारपर्यंत थांबत नाही. लस उद्या सुरू करते, दोघांचीही. ०, ७ आणि मग २१वा दिवस. त्याच्याशी काय बोलायचं ते अजून सुचत नाहीये.

मिनीची_आई
मनीला दाखवून आणलं. तोंडात फोड आलेत. हे आधी तिथल्या मदतनिसालाच दिसलं, डॉक्टर वजन लिहीत होते.