पुण्यात ॲक्सोलॉटल पाळावा का?

उन्हाळी: भाचीने हट्ट धरलाय, वाढदिवसाला ॲक्सोलॉटलच हवा. गेममध्ये पाहिलाय तिने, गुलाबी, मानेला पिसांसारखे कल्ले. माझं ठाम मत, आपल्याकडे हा सॅलमँडर, म्हणजे सरड्यासारखा दिसणारा, बेडकाच्या नात्यातला पाण्यातला प्राणी, पाळू नये. त्याला १६ ते १८ अंशांचं पाणी लागतं. एप्रिलमध्ये आपल्या टाकीत ते टिकणार कसं? शेजारी एक होता. रोज बर्फाच्या बाटल्या सोडायचे. तरी आठवड्याभरात कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी आली, शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलं. मुका जीव, सांगणार कोणाला?

टाकीवाला: ताई, चूक बर्फावर भागवण्याची होती. माझ्याकडे चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारं यंत्र आहे, दोघं तीन वर्षं मजेत आहेत. तळाला खडे ठेवत नाही, ते गिळतात. आणि पाळीव ॲक्सोलॉटल कोणी मेक्सिकोच्या सोचिमिल्कोतून, म्हणजे त्यांच्या मूळच्या कालव्यांतून, धरून आणत नाही. १८६४ साली पॅरिसला ३४ प्राणी पोचले, आजचे बहुतेक त्यांच्याच वंशातले. तिकडचे संपत आले ते कालव्यांतल्या घाणीने आणि बाहेरून आणून सोडलेल्या कार्प-तिलापिया माशांनी. त्यात आमचा काय दोष?

उन्हाळी: "बाहेरून आणून सोडलेल्या", याचीच तर भीती वाटते मला! परका प्राणी आणला की काय होतं बघा. सोचिमिल्कोत १९९८ मध्ये चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० होते, २०१४ मध्ये ३६.

देवगांडूळ: मी उन्हाळीताईंच्या बाजूने. नेदरलँड्समधले फायर सॅलमँडर २०१० नंतर तीन-चार वर्षांत जवळजवळ संपले. कातडी खाणारी बुरशी, मूळची आशियातली. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून युरोपात गेली असावी असं संशोधक मानतात. त्याच भीतीने अमेरिकेने २०१६ मध्ये सॅलमँडरच्या २०१ जातींची आयात रोखली. सह्याद्रीत सॅलमँडर नाहीत, पण बेडूक आहेत, पाण्यातून त्यांना असा रोग लागला तर? टाकीचं पाणी बदलताना जुनं कुठे ओतता?

टाकीवाला: आतापर्यंत बागेत ओतायचो, खरं सांगतो. आता ब्लीच घालून मगच गटारात. पण यावरून पाळणंच बंद करा, हे पटत नाही. नियम कडक करा. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर अशा प्राण्यांची नोंदणी आहेच, मी माझ्या दोघांची केलीय. विकणाऱ्याने मला त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, हा माझा खरा राग.

उन्हाळी: तुम्ही एवढं करता, मान्य. भाचीच्या घरी दिवसभर कोणी नसतं, उन्हाळ्यात दुपारी वीज जाते. तिला तुमचे दोघं दाखवायला आणू का? रविवारी चालेल?

टाकीवाला: आणा की. संध्याकाळी या, गांडुळं भरवायची वेळ असते.