उदयपूरला ऑक्टोपसी या जेम्स बाँडच्या पिक्चरच्या शूटिंगच्या जागा बघायच्यात, सोबत अण्णा (वय ७१, गुडघे खराब). कोण जाऊन आलंय का?

कडकभाकरी
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या. आमचे अण्णा मिलमध्ये होते आणि बाँडचे एकदम कट्टर फॅन. ऑक्टोपसी सोलापुरात लागला तेव्हा सेकंड शिफ्ट बुडवून बघितला म्हणे, ती खाडा लागल्याची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकायलोय. बाँड झालेल्या रॉजर मूरपेक्षा त्यांना आपला कबीर बेदी भारी वाटतो. त्यो गोबिंदा (कबीर बेदीचं पात्र) फासे मुठीत धरून भुगा करतो तो सीन आठवतोय का, अण्णा अजून घरात करून दाखवतात, फाशांच्या जागी शेंगदाणे घेऊन. आई ओरडते, कूटच करायचंय तर ताटलीत तरी करा.

तर दिवाळीनंतर त्यांना उदयपूर दाखवायचं डोक्यात आहे. पण तळ्यातला तो पांढरा महाल म्हणजे आता ताजचं हॉटेल, एका रात्रीचं भाडं बघितलं आणि लॅपटॉप बंद केला. तिथं राहायचं नसंल तर जाण्यात काय अर्थ आहे का? दुसरं म्हणजे व्हिलनचा तो डोंगरावरचा महाल, तिथं चढावं लागतं का? आणि सोलापूरहून जायचं कसं? बायको म्हणते तळ्यातली इमारतच बघायची तर संध्याकाळी आपल्या सिद्धेश्वर मंदिराला चला की, रिक्षाला पन्नास रुपये.

पार्कचौकवाला
वहिनींचा पॉइंट चुकीचा नाही ओ 😄 पण जावा.

मी दोन वर्षांमागं जाऊन आलोय, खास याच्यासाठीच. पहिलं ऐका, लेक पॅलेसमध्ये राहायला मिळत नाही म्हणून अजिबात हळहळू नका. पिक्चरमध्ये ऑक्टोपसीच्या, म्हणजे हिरॉइनच्या महालाच्या आतलं जे दिसतं ना, तो पलंग, त्या खोल्या, ते लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओतले सेट आहेत. म्हणजे लाखभर रुपये घालून आत गेलात तरी पिक्चरमधली खोली सापडणार नाही. खरं जे आहे ते बाहेरनं. आणि बाहेरनं बघायला पैसे पडत नाहीत.

त्यासाठी अंबराई घाट. सिटी पॅलेसच्या बरोब्बर समोरच्या काठाला, हनुमान घाटाच्या बाजूला. तिथं संध्याकाळी साडेपाचला जाऊन पायरीवर बसायचं, डावीकडं सिटी पॅलेस, पाण्यात मधोमध जगनिवास म्हणजेच लेक पॅलेस, त्याच्या पलीकडं जगमंदिर, तळ्यातला दुसरा महाल. मी मोबाइलवर पिक्चर लावून फ्रेम जुळवत बसलो होतो, शेजारी एक फोटोशूटवालं जोडपं मला वेडा समजत होतं. चाळीस वर्षांत तळ्यातलं काही हललेलं नाही बघा. काठावर मात्र हॉटेलांची गच्ची वर गच्ची झालीय.

बोटी दोन ठिकाणनं सुटतात. सिटी पॅलेसच्या जेट्टीवरची महाग, पण ती जगमंदिरला उतरवते. लाल घाटावरची स्वस्त, ती नुसता फेरा मारते. लेक पॅलेसच्या जवळनं दोन्ही जातात, उतरू कुणी देत नाही. अण्णांना लाल घाटाच्या पायऱ्या जड जातील, जेट्टीवालीच घ्या.

बाँड ज्या हॉटेलात उतरतो तो शिवनिवास पॅलेस, सिटी पॅलेसच्या आवारातच आहे, ते पण हॉटेलच आहे. आणि आपला टेनिसपटू विजय अमृतराज टेनिसची रॅकेट घेऊन ज्या रिक्षाच्या पाठलागात मारामारी करतो तो सीन उदयपूरच्याच रस्त्यावरचा. तिथं जगदीश मंदिराच्या चौकात रिक्षात बसा, ड्रायव्हर न सांगता तसाच चालवतो.

डोंगरावरचा महाल म्हणजे सज्जनगड (आपला साताऱ्याचा नव्हे!). तिथं मान्सून पॅलेस म्हणतात. महाराणा सज्जनसिंहानं पावसाचे ढग बघायला म्हणून बांधायला काढला, नऊ मजल्यांचा बेत होता म्हणे, पण राजा १८८४ साली पंचविशीतच गेला आणि बेत तिथंच राहिला. पिक्चरमध्ये व्हिलन कमाल खानचा अड्डा बाहेरनं दाखवतात तो हाच. आत गेलात तर मात्र नुसत्या भिंती, तो थाटमाट शोधू नका. वरनं पिचोला (तेच तळं) आणि अख्खं शहर दिसतं ते बघायचं. चढायला नको, खाली अभयारण्याचं गेट आहे, रिक्षा तिथंपर्यंतच, पुढं वनखात्याच्या गाड्या वर नेतात. त्या गाडीत दाटीवाटी होते एवढंच.

लई_तिखट
कबीर बेदी विमानाच्या टपावर चढतो, बाँड अँटेना वाकवून सोडतो आणि गडी फटकन खाली. बारकं असताना आम्ही घराच्या पत्र्यावर चढून हाच सीन करायचो, अँटेना दूरदर्शनची. वडलांनी मग जो सीन केला तो कुठल्या पिक्चरमध्ये नाही लका.

रेल्वेलाईन्सची_ताई
जाण्याचं मी सांगते. मुंबईला जाऊन वांद्र्याहून उदयपूरची गाडी, हा एक रस्ता, पण सिद्धेश्वर एक्सप्रेसनं पहाटे उतरायचं, मग मुंबईत सामान घेऊन वांद्र्याला जायचं, वयस्कर माणसाला नको वाटतं. दुसरं म्हणजे सिकंदराबाद-राजकोट गाडी सोलापूरवरनं जाते, रोज नाही, वार बघून घ्या. ती थेट अहमदाबादला सोडते. तिथनं उदयपूरची लाइन पूर्वी मीटरगेज होती, बरीच वर्षं बंद ठेवून ब्रॉडगेज केली आणि ३१ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, साधारण तीनशे किमी. ट्रॅप एकच आहे, ह्या गाड्या असारवा स्टेशनवरनं सुटतात, अहमदाबादच्या मेन स्टेशनवरनं नाही. आम्ही प्लॅटफॉर्म शोधत बसलो आणि गाडी चुकली, मिस्टर अजून म्हणतात तिकीट नीट वाचायचं काम तुझं होतं. मध्ये रिक्षा करावी लागते, एक रात्र अहमदाबादला मुक्काम ठेवा, सकाळी निवांत निघा.

आणि जून महिन्यात नका जाऊ. पावसाळ्याआधी तळ्याचं पाणी उतरलेलं असतं, आम्ही गेलो तेव्हा काठाला चिखल. दिवाळीनंतर बेस्ट.

अक्कलकोटचा_भटक्या
उदयपूर झालं की अण्णांचा पासपोर्ट काढा 😀 मी थायलंडला फांगङा खाडीतलं बेट बघितलं, १९७४ च्या बाँडच्या मॅन विथ द गोल्डन गनमधलं. बेटाचं नाव खाओ फिंग कान, पण तिथले बोटवालेसुद्धा जेम्स बाँड आयलंडच म्हणतात. समोर पाण्यात तो वर जाड खाली बारीक सुळका, को तापू. सुळक्याला बोट लावायला १९९८ पासून बंदी आहे, पाण्यानं पाया झिजायलाय म्हणून. किनाऱ्यावर उभं राहून लांबनंच फोटो, आणि मागं शंभर दुकानं शंखशिंपल्यांची. जागा सुंदर पण पिक्चरमधला तो एकांत गेला. गंमत म्हणजे त्या पिक्चरमध्ये जी नटी मॉड अॅडम्स आहे तीच पुढं ऑक्टोपसीच्या रोलमध्ये आली.

स्वित्झर्लंडचं शिल्थॉर्न शिखर पण भारी, १९६९ च्या बाँडच्या पिक्चरमधलं, २९७० मीटरवर गोल फिरणारं रेस्टॉरंट. तिकीट काढायच्या आधी वेबकॅमवर ढग आहेत का बघायचं. मी नाही बघितलं. वर जाऊन कॉफी घेतली आणि काचेतनं पांढरा पडदा बघत गोल फिरलो.

पण खरं सांगू, अण्णांना उदयपूरच जास्त आवडंल. बाकी ठिकाणी बाँड दिसतो, इथं कबीर बेदी आणि विजय अमृतराज दिसतात.

कडकभाकरी
सगळ्यांचे लई आभार. ताई, राजकोटवाल्या गाडीचं स्लीपर बघितलं, अण्णांना लोअर बर्थ मिळायलाय. असारवा लिहून फ्रिजवर चिकटवलंय.

पार्कचौकवाले, ते पाइनवुडचं अण्णांना सांगितलं तर पाच मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे आतलं खोटं आणि तळं खरं?" म्हटलं हो. "मग बरंय, तळंच बघू." आणि लगेच आईला विचारायला लागले शेंगाची चटणी किती दिवस टिकती. आता आई पण यायलीय, बायको पण यायलीय, सिद्धेश्वर तळं कॅन्सल.

एकच राहिलं. सज्जनगडच्या त्या गाडीत पुढची सीट मिळती का? मागं गुडघे दुमडून बसणं त्यांना जमायचं नाही.

पार्कचौकवाला
गेटवर ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा, मी गेलो तेव्हा एका आजींना दिली होती. सूर्यास्ताला गर्दी होते, चारलाच गेट गाठा. आणि शेंगदाणे न्या सोबत, वर सीन करायला. फक्त माकडं आहेत, जपून.