नवीन कॉम्प्युटर आला आणि साडेचौदा वर्षांचा जमाखर्च मागे राहिला : जुना हिशेब परत मिळवायला धडपडावं का?

घोडबंदरकर

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट संपला. बाबांचा कॉम्प्युटर विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता, म्हणून दिवाळीत नवीन घेतला. दुकानदाराने "सगळा डेटा टाकून दिलाय" असं सांगितलं. फोटो होते, डॉक्युमेंट्स होती, डेस्कटॉप जसाच्या तसा होता. हिशेब मात्र नव्हता.

बाबा एप्रिल २०११ पासून ग्नूकॅश या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये घरखर्च लिहितात. पेन्शन, एफडी, पीपीएफ, सोसायटीचा मेन्टेनन्स, दूधवाला, सगळं. हा प्रोग्रॅम सुरू केला की शेवटची फाईल आपोआप उघडतो. त्यामुळे इतकी वर्षं ती फाईल नक्की कुठे आहे हे बघायची वेळच आली नव्हती. ती होती डी ड्राइव्हवर, आणि दुकानदाराने सी ड्राइव्हवरचे नेहमीचे फोल्डर तेवढे उचलले. नवीन मशीनवर प्रोग्रॅम टाकला तर समोर कोरी वही. त्या रात्री बाबा धड जेवलेही नाहीत.

जुनी हार्ड डिस्क आम्ही दिली नव्हती, हे नशीब. ती बाहेर काढून यूएसबी केसमध्ये घातली. फोल्डर उघडला तर एकाच नावाच्या पंचवीस-तीस फायली, प्रत्येकीच्या नावात चौदा आकडी तारीख-वेळ. दर वेळी सेव्ह केलं की ग्नूकॅश आधीची प्रत अशी बाजूला ठेवतो आणि सेटिंग बदललं नसेल तर तीस दिवस सांभाळतो. मी घाईत त्यातलीच एक उघडली आणि बाबांनी तिच्यातच पुढचं लिहायला घेतलं. बारा दिवसांनी लक्षात आलं की मधल्या तीन आठवड्यांच्या नोंदी तिच्यात नाहीतच. आता दोन वह्या झाल्यात.

घरच्यांचं म्हणणं, "जाऊ दे, एक तारखेपासून नवीन सुरू करा." मला ते पटत नाही. जुना हिशेब परत मिळवायलाच हवा, त्यासाठी महिना गेला तरी चालेल. तुमचं मत सांगा.

वाशी_सेक्टर१७

मी करसल्लागाराच्या कार्यालयात काम करते. दादा, थोडं स्पष्ट लिहिते, राग मानू नका. या धडपडीचा व्यवहारात उपयोग कमी आहे.

म्युच्युअल फंडाचे पहिल्या दिवसापासूनचे व्यवहार कॅम्स आणि केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांच्या एकत्रित स्टेटमेंटमध्ये मिळतात. व्याज, लाभांश, शेअर विक्री हे सगळं नोव्हेंबर २०२१ पासून आयकर पोर्टलवर एआयएसमध्ये, म्हणजे वार्षिक माहिती पत्रकात दिसतं. पीपीएफचा उतारा बँक देते. बाबांच्या वहीतलं काय उरलं? दूध आणि भाजी. २०१३ मध्ये कोथिंबिरीची जुडी कितीला होती याने विवरणपत्रात काही फरक पडत नाही.

आणि स्वतः केलेली नोंद हा पुरावा नसतो. अधिकारी बिल मागतो, पावती मागतो. ग्नूकॅशची छापील प्रत कुणी स्वीकारत नाही.

कोपरखैरणे_नोड

ताईंशी सहमत, आणि एक पाऊल पुढे. मुळात एका मशीनवर एका फाईलमध्ये आयुष्याचा हिशेब ठेवणं हीच चूक. मी ऑनलाइन शीट वापरतो. लॅपटॉप फुटला तर दुसऱ्यावर लॉगिन केलं की झालं. 'परत मिळवणं' हा प्रश्नच येत नाही.

घोडबंदरकर

@वाशी_सेक्टर१७ ताई, एआयएस २०२१ पासून आहे, आणि आमचा प्रश्न २०१३ चा आहे. त्या वर्षी बाबांनी घराचं मोठं काम काढलं होतं. दोन खोल्यांमधली भिंत काढली, वायरिंग नवीन केलं, स्वयंपाकघर पूर्ण बदललं. हे घर आता विकायचा विचार आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला विक्रीच्या नफ्यावर इंडेक्सेशनसह (खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून) २० टक्के किंवा इंडेक्सेशनशिवाय साडेबारा टक्के, यातला कमी पडेल तो कर भरता येतो ना? मग पहिल्या पर्यायात सुधारणेचा खर्चही महागाईच्या निर्देशांकाने वाढवून धरतात. तो खर्च कोणत्या तारखेला, कुणाला, कोणत्या चेकने दिला हे एआयएस मला सांगणार आहे का?

बँकेकडून उतारा मागवायचा तर निदान महिना माहीत हवा. आमची तेव्हाची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, जुना खाते क्रमांकही गेला. त्या वर्षाकडे जायची वाट आता या फाईलमधूनच आहे.

@कोपरखैरणे_नोड, अमेरिकेत मिंट नावाची हिशेबाची ऑनलाइन सेवा लाखो लोक वापरत होते. मार्च २०२४ मध्ये ती कंपनीने बंद केली. सेवा दुसऱ्याच्या हातात असली की कधी थांबायचं हे तो ठरवतो.

कोपरखैरणे_नोड

मग मायक्रोसॉफ्ट मनी या हिशेबाच्या प्रोग्रॅमचं काय? ते तर आपल्याच मशीनवर चालायचं. त्याची विक्री २००९ मध्ये थांबली. म्हणजे फाईल तुमच्याकडे आणि ती नव्याने उघडणारा प्रोग्रॅम बाजारात नाही. मशीनवर ठेवलं म्हणून सुटका होत नाही.

नेरूळ_पूर्व

उदाहरण अर्धं सांगितलंत. विक्री थांबल्यावर मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये मनीची एक मोफत आवृत्ती दिली. तिला सक्रिय करायला कंपनीचा सर्व्हर लागत नाही. लोकांच्या जुन्या फायली त्यामुळे वाचल्या. ग्नूकॅशची गोष्ट त्याहून बरी आहे. नेहमीची फाईल म्हणजे दाबून लहान केलेली एक्सएमएल, म्हणजे साध्या मजकुराची फाईल असते. उद्या प्रोग्रॅम नाहीसा झाला तरी ती उलगडून साध्या नोटपॅडमध्ये तारखा आणि रकमा वाचता येतात.

माझं काम मशीन दुरुस्तीचं, म्हणून घोडबंदरकरांना तातडीचं सांगतो. जुन्या डिस्कवर काहीही लिहू नका. आधी तो पूर्ण फोल्डर दुसरीकडे कॉपी करा आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करा. फोल्डरमध्ये .log शेवट असलेल्या फायली दिसतील, त्या कचरा समजून काढू नका. तुम्ही व्यवहारांत केलेले बदल त्यांत नोंदलेले असतात. मेन्यूत फाईल, मग इम्पोर्ट, तिथे लॉग पुन्हा चालवायचा पर्याय आहे. तुमच्या बाबतीत उलटं करा. तारीख-वेळ नसलेली, साध्या नावाची मुख्य फाईल पाया धरा आणि चुकून उघडलेल्या प्रतीत लिहिलेल्या बारा दिवसांच्या नोंदी तिच्यात आणा. बारा दिवसांच्या नोंदी शंभराच्या आतच असतील, म्हणजे हातानेही होईल. लॉग चालवणार असाल तर तोच व्यवहार दोनदा पडला नाही ना, हे बँकेच्या शिलकेशी ताडून बघा.

बाबांनी तयार केलेले अहवाल त्या फाईलमध्ये नसतात. आवृत्ती ३ पासून ते विंडोजमध्ये ॲपडेटा, रोमिंग, ग्नूकॅश या फोल्डरमध्ये असतात. तो फोल्डर लपवलेला असतो, आणि 'सगळा डेटा टाकला' म्हणणाऱ्यांच्या हातून हमखास सुटतो.

तरी दुकानदाराला सगळा दोष देऊ नका. गिऱ्हाईक कोणता प्रोग्रॅम वापरतो हे आम्हाला कसं कळणार? "हिशेबाचं काही आहे का?" असं मी आता स्वतःहून विचारतो, पण दहातले आठ जण नाही म्हणतात आणि चार दिवसांनी परत येतात.

आणखी एक. तुमची जुनी डिस्क आत तबकडी फिरणारी हार्ड डिस्क होती. त्यात फाईल पुसली गेली तरी वर काही लिहिलेलं नसेल तर परत यायची आशा असते. नवीन मशीनमध्ये एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपची डिस्क आहे. तिथे पुसलेली जागा मशीन स्वतःच रिकामी करून टाकतं, मग फाईल परत येणं जवळजवळ अशक्य. शिवाय बऱ्याच नव्या लॅपटॉपची डिस्क आधीच कुलूपबंद असते. ती बाहेर काढून दुसऱ्या मशीनला लावली तर ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती की आजच कागदावर उतरवून बाबांच्या कपाटात ठेवा.

नौपाडा_वाडा

आमच्या सासूबाई रोजमेळ वहीत लिहितात. कॉम्प्युटर बदलला काय, राहिला काय, वही तिथेच. मुलांना सांगून दमले, पण ऐकत नाहीत.

घोडबंदरकर

काकू, आमच्याकडेही वह्याच होत्या. २६ जुलै २००५ च्या पावसात तळमजल्यावर पाणी शिरलं, खालच्या कप्प्यातल्या सगळ्या वह्यांचा लगदा झाला. बाबा कॉम्प्युटरकडे वळले त्याचं कारण तेच.

नौपाडा_वाडा

तो दिवस विसरणं शक्य नाही. आमचं दुसऱ्या मजल्यावर म्हणून वाचलं. पण मग तुमच्या बाबांचं दुःख मला जास्त कळतं. एकदा पाण्यात गेलं, आता मशीनमध्ये. त्यांना "नवीन सुरू करा" असं सांगू नका हो.

वाशी_सेक्टर१७

घराच्या सुधारणेचा मुद्दा मान्य, तो मी विचारात घेतला नव्हता. पण दोन गोष्टी. रंगकाम आणि डागडुजी सुधारणेत धरत नाहीत, काम भांडवली स्वरूपाचं हवं. आणि बिलाशिवाय नुसत्या नोंदीवर मी तरी दावा करायला सांगणार नाही. बिल आणि बँकेतून गेलेली रक्कम जुळली पाहिजे.

बाकीचं माझं मत तेच आहे. त्या एका वर्षासाठी फाईल शोधणं योग्य. साडेचौदा वर्षांतली प्रत्येक भाजी जुळवत बसणं मला अजूनही पटत नाही. तो वेळ बाबांच्या खात्यांची नामांकनं तपासण्यात घालवा, ते जास्त गरजेचं आहे.

घोडबंदरकर

ताई, नामांकनाचं लिहून ठेवलं. भाजीबद्दल मात्र आपलं जमणार नाही. आई २०१९ मध्ये गेली. तोपर्यंतच्या वहीत बाबांनी तिच्या नावाने एक वेगळं खातं ठेवलंय, "हिच्याकडे दिले". दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यात एक नोंद आहे. ते कोणत्याही स्टेटमेंटमध्ये मिळणार नाही.

नेरूळकरांनी सांगितलं तसं रात्री केलं. फोल्डरची प्रत काढली, मुख्य फाईल उघडली, बारा दिवसांच्या एकेचाळीस नोंदी बाबांनी वाचून दाखवल्या आणि मी हाताने टाकल्या. बँकेची शिल्लक पैशापर्यंत जुळली. २०१३ च्या कामाची नोंदही सापडली. १४ मे, चेक क्रमांकासकट. बिलाच्या फायली माळ्यावर आहेत, शनिवारी काढतो.